स्टुलावरची पोर

सिस्टरबाई, तुमचा फोटो आता दवाखान्याच्या भिंतीवर लागला आहे. चांगला मोठा, हार घातलेला, आणि खाली संगमरवरी पाटी. फोटोत तुम्ही हसताय. तुम्ही इतक्या हसायच्या नाहीत, निदान आमच्यासमोर तरी नाही. कुठल्या तरी घोळक्यातून तुम्हाला कापून काढलेलं दिसतं, कारण तुमच्या खांद्यावर कुणाचा तरी हात तेवढा उरला आहे. पाटीवर लिहिलंय की तुम्ही नकोशीला हवीशी केलंत. ती नकोशी म्हणजे मी. नाव घातलेलं नाही, पण धावड्यापासून हसनाबादपर्यंत कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, तो सांगेल. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, तुमची माती तिकडे केरळात, तुमच्या कॉन्व्हेंटच्या मागे, आणि मी इथे जालन्यात, रविवारची धुणी वाळत घालून तुम्हाला लिहायला बसले आहे. माझा तुमच्यावर राग आहे. तुम्हाला पाल्हाळ आवडायचं नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं.

माझी गोष्ट मी पहिल्यांदा कधी ऐकली ते आठवत नाही, म्हणजे ती मला माझ्या नावासारखीच आधीपासून ठाऊक होती. धनगराचं घर, वर तीन मुली. माय चौथ्यांदा पोटुशी. मोठ्या गावात पोटातलं पोर बघायचं मशीन नवीनच आलेलं, आजीनं मायला तिथं नेऊन तपासून आणलं आणि चौथीही पोरगीच म्हणून पिशवी धुवून घ्यायचं ठरलं. जालना सोने का पालना म्हणतात. आमच्याकडं पाळणा हलवायचा तो पोरासाठी. मग तुम्हाला कुठून तरी कळलं. तुम्ही तुमच्या त्या फटफट करणाऱ्या मोपेडवर आलात, आणि भर अंगणात, मेंढरांसमोर, सासू-सासऱ्यांसमोर, गल्लीतल्या बायांसमोर मायला फैलावर घेतलंत. खुनी म्हणालात. देवानं दिलेला जीव तू कोण घेणारी म्हणालात. बापाला एकदा रानात साप चावला होता आणि तुम्ही रात्रंदिवस बसून त्याला वाचवलं होतं, म्हणून तुमच्यापुढं आमच्या घरात कुणाचा आवाज निघत नसे. शेवटी तुम्ही म्हणालात, "तुम्हाला नको ना? मंग ही पोर माझी. शाळा माझी, खर्चा माझा. पण बाळ मारलं तर दवाखान्याचं दार या घराला बंद." आजीनं मुकाट्यानं मान हलवली. माय खांबाला धरून रडत होती, आणि तुमच्या शब्दांनी तिचं मन पालटलं. ही गोष्ट. इतकी वर्षं हीच.

पाचव्या वर्षी तुम्ही मला बोर्डिंगात आणलंत. तुमच्याकडं लोकांना दाखवायला दोन गोष्टी होत्या, एक तो गुंडाळीचा तक्ता आणि एक मी. तक्त्यावर पोटातलं बाळ महिन्यामहिन्यानं मोठं होत गेलेलं दाखवलं होतं, आणि तुम्ही तो वस्तीवस्तीवर कडुलिंबाच्या फांदीला टांगून बायांना समजावून सांगायच्या, की बघा, इथं बोटं फुटली, इथं काळीज चालू झालं. दारू पिणाऱ्या नवऱ्यांना तुम्ही त्याच झाडाखाली झापायच्या. आणि दरवर्षी हिवाळ्यात तुमचा मेळावा भरायचा. मंडपात एका बाजूला मौलवी साहेब, एका बाजूला आमच्याकडचे कीर्तन करणारे महाराज, मधे फादर, कधी बिशप. जीव कोणत्याच धर्मात स्वस्त नाही, हे तिघांनी आपापल्या भाषेत सांगायचं. मग तुम्ही मला निळा फ्रॉक घालून स्टुलावर उभी करायच्या. "हिच्या आईनं हिला नको म्हटलं व्हतं. देवानं हवी म्हटलं. ही हिंदू घरातली पोर, पण जीव सगळ्यांचा एक." टाळ्या. मौलवी साहेब खडीसाखर द्यायचे, महाराज नारळ द्यायचे, आणि पाहुणे माझ्या गालाला हात लावून बघायचे, मी खरीच आहे ना म्हणून. पुढच्याच सतरंजीवर माय बसलेली असे. तुम्हीच तिला बोलवायच्या. ती डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली ओढून घ्यायची आणि सतरंजीचा एक दोरा बोटानं उसवत राहायची.

चौथीत असताना एकदा मी स्टुलावर चढणार नाही म्हणून हटून बसले होते. तुम्ही मला कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात ओढत नेलंत. "लाजती कशाला? तुला बघून किती बायांनी पोरी ठेवल्या ठाऊक हाय का? तुझ्या एका लाजेपायी एक जरी पोर मेली तर कोण जबाबदार?" मी चढले. मेळावा संपल्यावर तुम्ही मला परत त्याच स्वयंपाकघरात नेलंत, पिठाच्या डब्यावर बसवलंत, तव्यावर तुपात केळ्याचे काप परतून दिलेत, तुमच्या गावाकडं करतात तसे. तुम्ही स्वतः उभ्यानं काळी कॉफी पीत होतात. पायातल्या चपला काढून ठेवल्या होत्या, आणि तुमच्या टाचा आमच्या मायच्या टाचांइतक्याच फुटलेल्या होत्या. मग तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि बराच वेळ काढला नाहीत. हे मला लिहायचं नव्हतं, पण तुमची आठवण काढायची तर ते स्वयंपाकघर वगळून कशी काढू?

तुमच्या बाजूनं आणखी एक सांगते. मला कधी धर्म बदल म्हणाला नाहीत. संध्याकाळच्या प्रार्थनेला मी मागच्या बाकावर बसून गणिताची उजळणी केली तर चालायचं. दिवाळीला स्वतः मला घरी सोडायच्या. तरी गावानं मला बाटलेली ठरवलं ते ठरवलंच, आणि पुढे माझं लग्न जमवताना दोन ठिकाणी "मिशनमधली पोर" म्हणून नकार आला. त्याचा राग नाही. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार.

राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. सुटीत घरी गेले की माय माझं डोकं हुंगायची आणि म्हणायची, "सिस्टरबाईचा वास येऊन राह्यला." बोर्डिंगातल्या साबणाचा आणि दवाखान्याचा वास. मी डोकं मागे घ्यायची. तिला वेणी घालू द्यायची नाही. ताटात तिनं भाकरी वाढली की मनात यायचं, हिला मी नको होते. बहिणी तिच्या कुशीत झोपायच्या, मी दाराशी गोधडी घालून झोपायची. आमच्या घरी मेंढ्यांमधे एक रीत होती. एखादीला दूध कमी असलं की तिचं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं. बाप त्या कोकराच्या अंगाला दुसरीचं दूध चोळायचा, मग ती हुंगायची, फसायची आणि पाजू लागायची. पहिली मेंढी बाजूला उभी राहून ओरडत राहायची. दोन-चार दिवस. मग तिचंही ओरडणं थांबायचं.

कॉलेजात असताना, बाप गेल्यावर, माय एकदा माझ्या नोकरीच्या हट्टावरून काही बोलली. साधंच बोलली होती, पोरीच्या काळजीनं आई बोलते तसं. मी तिला म्हणाले, "तू कशाला काळजी करते? तू तर मला मारायलाच निघाली होतीस." ती भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. तुम्ही शिकवलेलं वाक्य होतं ते, सिस्टरबाई. स्टुलावरून इतक्या वेळा ऐकलेलं, पाठच झालं होतं.

आता माय माझ्याकडेच असते. बहिणी आपापल्या घरी, गावाकडचं घर चुलतभावाकडं, आणि माय आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून खालच्या रस्त्यावर कोण येतं-जातं ते बघत असते. मागच्या महिन्यात नवे फादर आणि एक तरुण सिस्टर घरी आले. दवाखान्याला रंग दिलाय, शेजारी कुटुंबांसाठी नवं केंद्र बांधलंय, तुमचं नाव दिलंय, उद्घाटनाला मी यायचं आणि "साक्ष" द्यायची. मी चहा ठेवला. तरुण सिस्टर फार गोड होती, तिच्या बोलण्यात तुमच्यासारखा एकही खडा नव्हता. उठताना ती मायजवळ गेली, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "आजी, मनात काही ठेवू नका. देवानं तुम्हाला कधीच माफ केलंय." माय म्हणाली, "बरं, बाई." आणि त्यांच्या पिशवीत कढीपत्ता घातला, गॅलरीतल्या कुंडीतला.

दार लावून मी आत आले तर माय खाली बसून मेथी निवडत होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. "माफ केलंय म्हणे," ती म्हणाली. मी म्हणाले, त्यात हसण्यासारखं काय आहे. तेव्हा तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"ती न्हाई आल्ती माझ्याकडं," माय म्हणाली. "मीच गेल्ते तिच्याकडं."

हसनाबादचा बाजार होता म्हणाली. सासूबरोबर गेली होती. "तुझ्या आजीला म्हणले, पायात काटा मोडला, दवाखान्यात काढून येते. ती बसली बांगड्यावालीपाशी. सिस्टरबाई कुणाचं तरी गळू कापून राह्यली व्हती. मी दारातच बसले. म्हणले, बाई, मला हे पोर पाहिजे. पोरगी असू दे न्हाई तर दगड असू दे. पण मी म्हणले असं घरी कळलं तर मला अन् तिन्ही पोरीयला हाकलून देतेल. माहेरी कोन व्हतं माझं? तर तुम्हीच या. मला शिव्या द्या. पापी म्हणा, खुनी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. तुमच्यापुढं कुणी बोलत न्हाई. फकस्त मी आल्ते हे सांगू नका."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. आली दुसऱ्या दिवशी. लई शिव्या देल्या. बराबर देल्या." माय पुन्हा हसली. "इतक्या देल्या की मलाच खरं वाटाया लागलं."

मी तिला विचारलं, मग आजी गेली, बाप गेला, त्यानंतर तरी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, मीही तिला शब्द दिला होता. शिवाय सिस्टरबाईचं लोकांत तोंड पडलं असतं. "तिचं ऐकून बाया पोरी ठेवून राह्यल्या व्हत्या. माझी एकटीची मान खाली गेली तर काय बिघडलं?"

"आणि मी तुला जे बोलले ते?"

मायनं मांडीवरच्या मेथीच्या काड्या झटकल्या. "ते तेवढं बिघडलं," ती म्हणाली, आणि पुन्हा जुडी हातात घेतली.

सिस्टरबाई, त्या दिवशी अंगणात तुम्ही खोटं बोललात त्याबद्दल मी एक शब्दही काढणार नाही. त्या खोट्यानं मी जगले. दोघींनी मिळून ते सोंग वठवलंत, एकीनं शिव्या दिल्या, दुसरीनं खाल्ल्या, आणि सगळं घर फसलं. दोन बायांनी जीव वाचवण्यासाठी काय काय करावं याला मर्यादा नाही, आणि तशी गोष्ट कुणी मला सांगितली असती तर मी ती अभिमानानं मिरवली असती. पण आजी मी पाचवीत असतानाच गेली. पुढे बापही गेला. मग मायला हाकलून देणारं उरलं होतं कोण? तरी तुम्ही तीच गोष्ट सांगत राहिलात, आणि तीही माय समोर बसलेली असताना. मायनं ते सोंग एका दिवसासाठी तुमच्या हाती दिलं होतं, तुम्ही ते आयुष्यभर वापरलंत. का? तर बाई स्वतःच चालत येऊन मला पोर हवी म्हणाली, यात तुम्हाला काही कामच उरत नव्हतं. तुम्हाला एक पापी लागत होती, म्हणजे मग तिला पालटणारं कुणीतरी लागतं. कुटुंब टिकवा, आईची माया देवाची माया, असं वस्तीवस्तीवर सांगत फिरलात तुम्ही, आणि एका पोरीला तिच्या आईपासून तोडलंत ते तुमच्या लक्षातही आलं नाही. की आलं होतं? दर शनिवारी तुम्ही फादरांकडं पाप कबूल करायला जायच्या, आम्ही पोरी बाहेर उभ्या असायचो. ते कधी सांगितलंत का आत? मला पिठाच्या डब्यावर बसवून, केळ्याचे काप हातात देऊन, एक वाक्य बोलला असतात तरी पुरलं असतं.

आणि तरीही, ज्या पोरी त्या गोष्टीनं वाचल्या त्यांचं मी काय करू? त्यातली एक माझ्याच कचेरीत आहे. तिची आई सांगते, तुला स्टुलावर बघितलं अन् मी मशीनवर गेले न्हाई. तिच्याकडं बघून मला तुमच्यावर नीट रागावताही येत नाही. याचाही मला राग येतो.

उद्घाटनाला मी गेले. चुलतभावाचा आधी फोन आला होता, "ताई, त्या कार्यक्रमाला बिलकुल जाऊ नको, गावात लोक बोलून राह्यलेत." मी मायला विचारलं. ती म्हणाली, "जल्दी आवर, उशीर हुईल." मंडपात मौलवी साहेबांची खुर्ची मांडलेली होती, पण त्यांच्या जागी त्यांचा मुलगा उभ्या उभ्या येऊन गेला. महाराजांनी प्रकृतीचं कारण कळवलं होतं. काळ बदललाय, सिस्टरबाई, तुमच्या वेळी तिघं एका सतरंजीवर जेवायचे. मी माइकसमोर गेले. स्टूल नव्हतं, मी बऱ्यापैकी उंच झाले आहे. मी म्हणाले, "माझ्या आईनं मला कधी नको म्हटलं नव्हतं. ती स्वतः या दवाखान्यात चालत आली होती. मला वाचवलं ते तिनं. सिस्टरबाईंनी तिला मदत केली." एवढं बोलायला मला इतकी वर्षं लागली आणि बोलून व्हायला मिनिटभरही लागलं नाही. मग फादरांनी माइक घेतला, डोळे पुसले, खरोखरच पुसले, आणि म्हणाले, "किती सुंदर साक्ष! सिस्टरांच्या प्रेमानं एका आईचं मन कसं पालटलं, हे आपण आज तिच्या मुलीच्या तोंडून ऐकलं." टाळ्या वाजल्या. मग सगळ्यांनी पाटीवरचा पडदा सरकवला.

तुमच्या गोष्टीला माझी गरज उरलेली नाही, हे मला तिथं समजलं. परत येताना गाडीत मी धुसफुसत होते, की कुणी ऐकलंच नाही, पाटी बदलायला लावते, अर्ज देते, अमुक करते. माय खिडकीबाहेर बघत होती. सरकीचा ट्रक पुढं चालला होता, त्याच्या मागं आमची गाडी रखडत होती. मग ती म्हणाली, "कुणी न्हाई कसं? मी ऐकलं ना." आणि बसल्या जागी माझं डोकं जवळ ओढून हुंगलं. मी मागे घेतलं नाही. कशाचा वास आला ते ती काही बोलली नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही आणि असता तरी पाठवलं नसतं. ते मी कपाटात ठेवणार आहे, मायला वाचता येत नाही म्हणून तिच्या हाती लागलं तरी भीती नाही. भीती कशाची, ते तुम्हालाच सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता यायचं नाही. त्या दिवशी पिठाच्या डब्यावर बसले होते, तुमचा हात डोक्यावर होता, तेव्हा मी डोळे मिटून तुमच्या चर्चमधल्या त्या मातेकडं मागितलं होतं, की माझी आई तुम्ही असायला हव्या होत्या. दाराबाहेर माय मला घरी न्यायला उभी होती.